मोलोकाईवरची मिशन मंडळी: फादर डेमियन एकटे नव्हते

बावखल

फादर डेमियन यांच्याबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात एक बेट असतं आणि त्यावर एकटा उतरलेला एक बेल्जियन पाद्री. सोळा वर्षं कुष्ठरोग्यांची सेवा, मग त्यालाच रोग, मग मृत्यू. वसईला आमच्या धर्मग्रामात लहानपणी आम्ही हेच ऐकलं. त्यात खोटं काही नाही, पण गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी मला फार मोलाची वाटते, म्हणून हा धागा.

हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. पाचव्या कामेहामेहा राजाच्या काळात, १८६५ साली, कुष्ठरोगाचा फैलाव रोखण्याचा कायदा झाला. जानेवारी १८६६ मध्ये पहिले रुग्ण मोलोकाई बेटाच्या उत्तर टोकाला कालावाओ इथे उतरवले. तीन बाजूंना खवळलेला समुद्र, चौथ्या बाजूला सरळ उभा प्रचंड कडा. कुंपणाची गरजच नव्हती. रुग्ण तिथे शेती करून स्वतःचं पोट भरतील असा सरकारचा हिशेब होता. हातापायांच्या नसा गेलेली, नुकतीच घरातून ओढून आणलेली माणसं काय शेती करणार? खायला अपुरं, पाणी लांबून वाहून आणायचं, डॉक्टर जवळपास नाहीच.

तरीही डेमियन यायच्या आधी तिथे काहीच नव्हतं हे खरं नाही. १८६६ मध्येच काही रुग्णांनी मिळून सिलोआमा नावाची प्रोटेस्टंट मंडळी स्थापन केली होती. नवऱ्याबरोबर बायको, मुलाबरोबर आई अशी निरोगी माणसंही आपल्या माणसाची काळजी घ्यायला आली होती. त्यांना तिथे ‘कोकुआ’ म्हणत. जोनाथन नापेला हे हवाईतल्या पहिल्या मॉर्मन (अमेरिकेत निघालेला एक ख्रिस्ती पंथ) लोकांपैकी एक, प्रतिष्ठित गृहस्थ. पत्नी किटी हिला रोग झाला तेव्हा १८७३ मध्ये ते तिच्याबरोबर गेले, पुढे त्यांनाही रोग झाला आणि १८७९ मध्ये ते तिथेच वारले. ते आणि डेमियन यांची चांगली मैत्री होती.

त्याच १८७३ च्या मे महिन्यात बिशप मेग्रे यांनी आपल्या धर्मगुरूंपुढे प्रश्न ठेवला, मोलोकाईला कोण जाणार? चौघे तयार झाले. प्रत्येकाने पाळीपाळीने तीन महिने राहायचं असं ठरलं, कारण एका माणसाला कायमचं तिथे ठेवणं बिशपांना क्रूर वाटत होतं. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे १८७३ रोजी ते उतरले, ३३ वर्षांचे होते. दुसऱ्या पाळीची वेळ आलीच नाही, त्यांनीच तिथे राहू द्या असं कळवलं.

राहायला घर नव्हतं, पहिल्या रात्री केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. मग त्यांनी जे केलं ते गावाकडच्या कुठल्याही कामसू माणसाने केलं असतं: दरीतून नळ टाकून पाणी वस्तीपर्यंत आणलं, घरं उभी केली, सेंट फिलोमिना चर्च वाढवलं, जखमा धुतल्या, शवपेट्या स्वतःच्या हाताने ठोकल्या. लहानपणी शेतावर आणि सुतारकामात हात बसलेला होता. नळ टाकताना, घरं बांधताना जे हात होते ते रुग्णांचे होते. हे सांगायचं राहून जातं.

बाकीची मंडळी फार उशिरा आली. १८८३ मध्ये कालाकाउआ राजाच्या वतीने एक धर्मगुरू अमेरिकेत फिरले. पन्नासहून अधिक धर्मभगिनी संघांनी नकार दिला म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या फ्रान्सिस्कन भगिनींच्या प्रमुख मदर मॅरियान कोप यांनी होकार दिला आणि ८ नोव्हेंबर १८८३ ला सहा भगिनींसह होनोलुलूत उतरल्या. भगिनींना स्थिरस्थावर करून परतायचं असा त्यांचा बेत होता. त्या परत गेल्याच नाहीत. होनोलुलूच्या काकाआको रुग्णालयाची घाण त्यांनी अक्षरशः खरवडून काढली. १८८४ मध्ये माउई बेटावर रुग्णालय सुरू केलं. १८८५ मध्ये रुग्णांच्या निरोगी मुलींसाठी कापिओलानी होम उघडलं. नोव्हेंबर १८८८ मध्ये दोन भगिनींना घेऊन त्या मोलोकाईवर, कालावाओजवळच्या कालाउपापा वस्तीला गेल्या आणि ऑगस्ट १९१८ मध्ये तिथेच वारल्या. हात धुण्याबद्दल त्या अतिशय कडक होत्या. ‘तुमच्यापैकी कुणालाही हा रोग होणार नाही’ असं त्यांनी भगिनींना सांगितलं होतं, आणि कुणालाही झाला नाही.

१८८६ मध्ये जोसेफ डटन आले. अमेरिकन यादवी युद्धात लढलेले, नंतर कॅथलिक झालेले. धर्मगुरू नव्हेत, साधे प्रापंचिक. १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलांचं वसतिगृह सांभाळत राहिले. १८८८ मध्ये बेल्जियमचे फादर कॉनरार्डी आले, त्याच वर्षी रुग्णसेवा करणारे जेम्स सिनेट आले. १५ एप्रिल १८८९ ला डेमियन गेले, तेव्हा आयुष्यभर मागितलेली माणसं शेवटी भोवती होती.

मिशन म्हटलं की आपल्याला इमारत, निधी, अहवाल आठवतात. मला या मंडळींचं न परतणं मोठं वाटतं. तीन महिन्यांसाठी आलेला माणूस सोळा वर्षं राहिला, सोबत्यांना पोचवायला आलेली बाई पस्तीस वर्षं राहिली.

रानजाई

छान लिहिलंय, बावखल. नापेलांबद्दल काहीच माहीत नव्हतं.

एक भर घालते. हवाईत या रोगावर जे पहिलं बऱ्यापैकी औषध निघालं त्याचं मूळ आपल्याकडच्या झाडाच्या गोतावळ्यात आहे. चौलमुग्रा तेल. आसाम-ब्रह्मदेशाकडच्या झाडाच्या बियांचं तेल, आणि त्याच कुळातलं आपलं कडू कवठ सह्याद्रीत, कोकणात ओढ्याकाठी मुबलक होतं. कातडीच्या रोगांवर आपल्याकडे हे तेल पिढ्यान्‌पिढ्या लावतात. अडचण अशी की तेल दाट आणि चिकट. पोटात घेतलं तर ओकाऱ्या, टोचलं तर कातडीखाली गाठी.

१९१५ च्या सुमारास हवाई कॉलेजात अॅलिस बॉल नावाची तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ होती. तिथून पदव्युत्तर पदवी घेणारी पहिली स्त्री. तिने या तेलातली आम्लं वेगळी करून ती शरीरात शोषली जातील असं रूप दिलं. पद्धत प्रसिद्ध करण्याआधीच, १९१६ मध्ये, चोविसाव्या वर्षी ती गेली. पुढे कॉलेजच्या अध्यक्षांनी ते काम तिचं नाव न घेता छापलं. जोसेफ रॉक नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ १९२० च्या सुमारास बिया मिळवायला सयाम, ब्रह्मदेश, आसामच्या जंगलांत फिरले. विद्यापीठाने तिच्या नावाची पाटी लावली ती थेट २००० साली, चौलमुग्राच्या झाडापाशी.

औषध पूर्ण बरं करणारं नव्हतं. तरीही काही रुग्ण त्यामुळे घरी जाऊ शकले, आणि तिथे घरी जाणं म्हणजे काय हे वरचा लेख वाचून कळतं.

तर्ककर्कश

लेख माहितीपूर्ण आहे हे मान्य. पण दोन प्रश्न मनापासून विचारतो, राग मानू नका.

एक, ही सगळी सेवा धर्मप्रसाराशिवाय होती का? डेमियन हवाईत कशासाठी गेले होते? कुष्ठरोग्यांसाठी तर नक्कीच नाही, ते मिशनरी म्हणून गेले. मरणाच्या दारात असलेल्या, दुसरा आधार नसलेल्या माणसाला बाप्तिस्मा देणं हे मला नेहमीच अस्वस्थ करतं.

दोन, हा रोग हवाईत बाहेरच्यांनी आणला. गोवर, देवी, गुप्तरोग हेही जहाजांतून आले आणि मूळ लोकसंख्या कोसळली. त्याच जहाजांतून मिशनरी आले. मग त्यांनीच उरलेल्यांची शुश्रूषा करायची आणि आपण त्यांना संत म्हणायचं, हे कसं?

दूरदेशी

मी सध्या बेल्जियममधल्या लूवेनला असतो. इथे चिपसंशोधनाच्या निमित्ताने बरीच मराठी मंडळी आहेत. सेंट अँथनी चॅपेलच्या तळघरात डेमियन यांची समाधी आहे, त्या चौकालाही त्यांचंच नाव. मोलोकाईवरून शव १९३६ मध्ये बेल्जियमला आणलं, मर्काटोर नावाच्या शिडाच्या जहाजाने, आणि अँटवर्पला स्वतः राजा स्वागताला गेला होता. २००५ साली इथल्या फ्लेमिश दूरचित्रवाणीने सर्वांत थोर बेल्जियन कोण असा कौल घेतला, त्यात डेमियन पहिले आले.

पण शव नेलं तेव्हा कालाउपापाचे रुग्ण फार दुखावले. आपल्यात राहून, आपल्यासारखं होऊन मेलेला माणूस, त्याला उचलून नेलं. १९९५ मध्ये त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केल्यावर उजव्या हाताचे अवशेष परत नेऊन कालावाओच्या मूळ थडग्यात पुरले. तर्ककर्कश यांच्या दुसऱ्या प्रश्नाशी याचा संबंध आहे असं मला वाटतं. हा माणूस कोणाचा, हा वाद बेल्जियम आणि हवाई यांच्यात आजही आहे. अमेरिकेच्या संसदभवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. हवाईने १९६९ मध्ये त्यातला एक डेमियन यांचा दिला, आणि तोही रोगाने सुजलेल्या चेहऱ्याचा.

बावखल

रानजाई, मनापासून आभार. अॅलिस बॉलचं नाव मूळ लेखातच यायला हवं होतं.

तर्ककर्कश, राग कसला, प्रश्न सरळ आहेत. उत्तरही सरळ देतो.

डेमियन धर्मप्रसारक होते आणि ते लपवत नव्हते. नोव्हेंबर १८७३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की सर्वांना ख्रिस्ताकडे आणण्यासाठी मी कुष्ठरोग्यांत कुष्ठरोगी होतो, म्हणून प्रवचनात ‘आम्ही कुष्ठरोगी’ असं म्हणतो. (रोग झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा तसं म्हटलं ही कथा सगळीकडे सांगतात. पत्र मात्र रोग होण्याच्या दहा-अकरा वर्षं आधीचं आहे.) प्रोटेस्टंट आणि मॉर्मन लोकांना कॅथलिक करण्यात त्यांना आनंद होई आणि ते आकडे मोजत. मी स्वतः कॅथलिक आहे, आणि असहाय माणसापुढे धर्म ठेवताना दहादा विचार करावा असं मलाही वाटतं.

पण दोन गोष्टी त्या चित्रात बसवून बघा. हवाईत अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनरी १८२० पासून होते. कालावाओला आलेले बहुतेक रुग्ण आधीच कुठल्या ना कुठल्या पंथाचे ख्रिस्ती होते. आणि दुसरं, पाणी, घर, मलमपट्टी यांत डेमियन यांनी पंथ पाहिल्याचं कुणी म्हटलेलं नाही. त्यांना सर्वांत जास्त मदत केलेल्यांत अँग्लिकन पाद्री ह्यू चॅपमन होते, लंडनच्या कॅम्बरवेलचे. त्यांनी तिकडे निधी गोळा करून एका कॅथलिकाला पाठवला, याबद्दल त्यांना टीका सोसावी लागली. मुलांचं वसतिगृह ज्यांच्या पैशांतून उभं राहिलं ते हेन्री बाल्डविन साखरमळ्यांचे मालक, प्रोटेस्टंट मिशनऱ्याचे चिरंजीव.

त्याच वेळी प्रोटेस्टंट पाद्री चार्ल्स हाइड यांनी डेमियन यांच्या मृत्यूनंतर एक पत्र लिहिलं. हा माणूस गलिच्छ, आडमुठा, आणि त्याचा रोग त्याच्याच चारित्र्याचं फळ, असा सूर होता. ते छापून आलं. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन डेमियन यांच्या मृत्यूनंतर पाचेक आठवड्यांतच कालाउपापाला जाऊन राहिले होते, मदर मॅरियान यांच्याकडच्या मुलींबरोबर खेळले होते. १८९० मध्ये त्यांनी जाहीर उत्तर दिलं. गंमत नाही, पण नोंद करण्याजोगं आहे की स्टीव्हन्सनसुद्धा डेमियन यांना हट्टी आणि अव्यवस्थित म्हणतातच. ते म्हणतात तो मुद्दा वेगळा आहे: तुम्ही होनोलुलूत आपल्या सुखाच्या घरात बसला होतात, तो तिथे गेला.

डेमियन यांच्याशी जुळवून घेणं अवघड होतं. मदतीला आलेल्या आधीच्या दोन धर्मगुरूंशी त्यांचं पटलं नाही. वरिष्ठांना ते डोकेदुखी वाटत. एकदा बोटीच्या कप्तानाने त्यांना वर चढू दिलं नाही, तेव्हा खाली होडीत उभं राहून, वरच्या धर्मगुरूला मोठ्याने ओरडून त्यांनी पापनिवेदन केलं. माणूस एकटेपणाने किती कासावीस झाला असेल याचा हा पुरावा मला पुरतो.

दुसऱ्या प्रश्नावर माझं उत्तर तुमच्यापेक्षा फार वेगळं नाही. जहाजं आली नसती तर हा रोग हवाईत आला नसता. म्हणून तर आलेल्यांपैकी कुणी तिथे जाऊन राहिलं हे मला कमीत कमी कर्तव्य वाटतं. आणि ते कर्तव्य किती थोड्यांनी केलं, हे पन्नास नकारांवरून दिसतं.

शाहीर_गल्ली

मुंबईशी जोडणारा एक धागा. डेमियन यांच्या मृत्यूची बातमी लंडनला पोचली तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या पुढाकाराने एक कुष्ठरोग निधी उभा राहिला. त्या निधीतून जो पहिला मोठा उपक्रम झाला तो म्हणजे हिंदुस्थानात पाठवलेलं कुष्ठरोग कमिशन, १८९०-९१. कमिशनचे डॉक्टर देशभर फिरले आणि त्यांनी लिहिलं की रोग फारसा सांसर्गिक नाही, सक्तीने अलग ठेवण्याची गरज नाही. तरीही १८९८ मध्ये कायदा झालाच. तो रद्द व्हायला २०१६ उजाडलं. २०१९ पर्यंत आपल्या व्यक्तिगत कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, हे किती जणांना माहीत आहे?

आणि याच काळात, १८९० मध्ये, मुंबईचे महापालिका आयुक्त अॅकवर्थ यांनी माटुंग्याला रस्त्यावरच्या कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू केला. वडाळ्याचं अॅकवर्थ रुग्णालय ते हेच. हेच अॅकवर्थ साहेब, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले. मी पोवाड्यांच्या वाटेने त्यांच्यापर्यंत पोचलो.

परिचारिका_वर्धा

मी बरीच वर्षं कुष्ठरोग विभागात काम केलं आहे. मदर मॅरियान यांच्या हात धुण्याबद्दल वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. भगिनींना रोग झाला नाही यात स्वच्छतेचा वाटा असेल, पण मुळात सुमारे ९५ टक्के माणसांना हा रोग होतच नाही, त्यांची प्रतिकारशक्ती तो रोखते. उरलेल्यांतही वर्षानुवर्षांचा निकट सहवास लागतो. डेमियन हे त्या थोड्यांपैकी होते. ते रुग्णांच्याच ताटातलं खात, त्यांचा चिलीमपाइप वापरत, हेही खरं. पण ‘सेवा केली म्हणून रोग झाला’ हे वाक्य जपून वापरा. आमच्याकडे अजून नातेवाईक रुग्णाला भेटायला आले की दारातून बोलतात.

डेमियन यांना कळलं कसं ते सांगते, कारण वैद्यकीय दृष्ट्या ते नेमकं आहे. डिसेंबर १८८४ मध्ये पाय उकळत्या पाण्यात गेला, कातडी भाजून निघाली आणि दुखलं नाही. नस आधीच मेली होती. आम्ही रुग्णांना आजही हेच सांगतो: फिकट चट्ट्यावर स्पर्श कळतो का बघा, चुलीजवळ, चहाच्या कपाने चटका बसला तरी कळतो का बघा. बोटं झडतात ती जंतूने नव्हे, न कळलेल्या जखमांनी.

हॅन्सन यांनी नॉर्वेत हा जंतू शोधला ते वर्ष १८७३. डेमियन मोलोकाईला उतरले तेच. औषध यायला मात्र १९४० चं दशक लागलं. १९४१ मध्ये लुइझियानातल्या कारव्हिल रुग्णालयात सल्फोन गटातल्या औषधाचा उपयोग दिसला, हवाईत ते १९४६ मध्ये पोचलं. आज तीन औषधांचं एकत्र पाकीट सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पहिल्या मात्रेनंतर रुग्णापासून संसर्ग जवळजवळ थांबतो.

कोरा_कागद

माझा साधा प्रश्न. १९४६ मध्ये औषध आलं, मग वस्ती कधी बंद झाली? आणि आपल्याकडच्या मिशन मंडळींचं, बाबा आमट्यांचं काम यात कुठे बसतं?

परिचारिका_वर्धा

दुसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात सांगते. बाबांच्या आधी वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये काम सुरू केलं, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं, मग आनंदवन. मिशनपैकी अचलपूरजवळ कोठाऱ्याचं रुग्णालय विदर्भातल्या सगळ्यांना माहीत आहे. तमिळनाडूत पोलंबक्कम इथे १९५५ मध्ये बेल्जियमहून डॉ. हेमेरेक्स आणि डॉ. क्लेअर वेलू आले. त्यांनी रुग्णांना वस्तीत आणण्याऐवजी स्वतः गावोगाव जाऊन झाडाखाली दवाखाना भरवला. वेलूबाईंनी पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं. माझ्या मते मिशनच्या कामातला सर्वांत मोठा बदल हाच: रुग्ण घरी राहिला आणि डॉक्टर चालत आला. मोलोकाईच्या अगदी उलट.

तर्ककर्कश

उत्तरं प्रामाणिक होती, त्यासाठी धन्यवाद. मत पूर्ण बदललं नाही, पण एक प्रश्न बदलून विचारतो. मंडळींनी सेवा केली. त्यांनी कायद्याला विरोध केला का? सुदृढ बाळ आईपासून काढून घेतलं जात होतं, तेव्हा भगिनी काय करत होत्या?

बावखल

हा प्रश्न मला टोचतो, कारण उत्तर बहुतांशी ‘नाही’ असं आहे.

रुग्ण आईला झालेलं मूल जन्मताच वेगळं केलं जाई. आईने हातात घेण्याआधीच कितीतरी मुलं नेली गेली. नातेवाइकांकडे, दत्तक, किंवा कापिओलानी होमसारख्या ठिकाणी. भगिनींनी त्या मुलींना माया दिली, शिकवलं, शिवणकाम-गाणं दिलं. त्या काळच्या वैद्यकाने दुसरा मार्ग दाखवला नव्हता हेही खरं. पण वेगळं करणाऱ्या व्यवस्थेतच त्यांचं काम बसलेलं होतं. तिला ‘हे चुकीचं आहे’ असं म्हणणारे आवाज रुग्णांचे होते. अॅम्ब्रोज हचिसन यांचं उदाहरण घ्या. १८७९ मध्ये रुग्ण म्हणून आले, बरीच वर्षं वस्तीचे अधीक्षक होते, डेमियन यांच्याबरोबर काम केलं, आठवणी लिहून ठेवल्या, १९३२ मध्ये वारले. म्हणजे वस्तीचा कारभार रुग्णाच्याच हातात होता, आणि हे नाव कुठल्याही प्रवचनात मी ऐकलेलं नाही.

कोरा_कागद, सक्तीचं अलगीकरण १९६९ मध्ये संपलं. औषध येऊन वीसहून अधिक वर्षं झाल्यावर. तोपर्यंत जवळजवळ आठ हजार माणसं तिथे पाठवली गेली होती, बहुसंख्य मूळ हवाईयन. दार उघडल्यावर बरेच जण तिथेच राहिले. बाहेर घर उरलं नव्हतं, आणि आत एक गाव तयार झालं होतं. लग्नं, बेसबॉल, चर्चची गाणी, मासेमारी. १९८० मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं आणि हयात रुग्णांना आयुष्यभर राहण्याचा हक्क मिळाला. सोळा वर्षांखालच्या मुलांना आजही तिथे प्रवेश नाही.

होनोलुलूजवळ पर्ल सिटीत हाले मोहालू नावाचं रुग्णांचं उपचारकेंद्र होतं. सरकारने १९७८ मध्ये ते बंद करायचं ठरवलं. बर्नार्ड पुनिकाइया आणि काही रुग्णांनी हलायला नकार दिला. पाणी, वीज तोडली तरी पाच वर्षं राहिले. १९८३ मध्ये पोलिसांनी त्यांना उचलून अटक केली आणि इमारती पाडल्या. पुनिकाइया लहान मूल असताना आईपासून वेगळा करून नेलेला. पुढे १९९४ मध्ये ब्राझीलमध्ये कुष्ठरोग झालेल्या लोकांची स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्यात तो होता आणि तमिळनाडूचे डॉ. पी. के. गोपालही होते. गोपाल यांना स्वतःला हा रोग झालेला, नंतर पद्मश्री मिळाली.

डेमियन यांना २००९ मध्ये आणि मदर मॅरियान यांना २०१२ मध्ये संत घोषित केलं. रोमला कालाउपापाचे वृद्ध रुग्णही गेले होते. मला ते दोघे संत वाटतात, यात मी मागेपुढे होणार नाही. पण सोळा वर्षांच्या सहवासात डेमियन यांना धरून ठेवलं कुणी, हा माझा प्रश्न आहे. जेवू घातलं, होडीने ने-आण केली, नळ टाकला, हवाईयन बोलायला शिकवलं, शेवटच्या आठवड्यात खाटेपाशी बसले, ते बहुतेक रुग्ण होते.

दूरदेशी

बावखल, समाधीपाशी त्यांच्यापैकी कुणाचं नाव असल्याचं माझ्या लक्षात नाही. पुढच्या वेळी मुद्दाम बघतो आणि इथे लिहितो. तिकडे कालाउपापात नावं कोरायचं काही चाललंय असं कुठेतरी वाचलं होतं, ते काय आहे?

बावखल

हो. रुग्ण, त्यांचे वंशज आणि मित्र यांची ‘का ओहाना ओ कालाउपापा’ ही संस्था २००३ पासून आहे. पाठवलेल्या प्रत्येक माणसाचं नाव कोरलेलं स्मारक तिथेच उभारायचं, ही त्यांची मागणी. ओबामांनी २००९ मध्ये त्याच्या परवानगीच्या कायद्यावर सही केली. तिथल्या बहुसंख्य थडग्यांवर दगडच नाही, म्हणून ही नावं जुन्या नोंदवह्यांतून शोधावी लागली. वंशज विचारतात, आमची पणजी खरंच तिथे होती का, आणि संस्था नोंदी काढून कळवते. कित्येक घरांत हे नाव पिढ्यान्‌पिढ्या दडवलेलं होतं.

परिचारिकाताई, कोठाऱ्याच्या रुग्णालयावर तुम्ही वेगळा धागा काढाल का? तिथल्या रुग्णांनी काय काय उभं केलं ते तुमच्याकडून वाचायचं आहे, डॉक्टरांबद्दल नंतर.